निकालानंतरचं पहिलं वर्ष

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मला ओळखीतून फोन येतात. कुणाचा भाचा, कुणाच्या शेजारची मुलगी. वाक्य बहुतेक एकच असतं : "सर, बीई झालं, कॅम्पसमध्ये काही झालं नाही, आता काय करू?" चाकण-भोसरी पट्ट्यात वीस वर्षं क्वालिटी विभागात काम करताना मी नव्या पदवीधरांच्या पुष्कळ मुलाखती घेतल्या. त्या अनुभवावरून मी आधी एकच गोष्ट विचारतो : निकाल कधी लागला? कारण पदवीनंतरचे पहिले बारा महिने हे नव्या इंजिनिअरचं सर्वांत मोठं भांडवल आहे आणि तेच सर्वांत आधी संपतं.

नव्या मुलांची भरती बॅचवर चालते. जाहिरातीत "फक्त चालू वर्षाची बॅच" असं लिहिलेलं असतं. पुढच्या जूनमध्ये नवी बॅच बाहेर पडली की तुम्ही 'मागच्या वर्षीचे' होता आणि मुलाखतीत पहिला प्रश्न येतो : वर्षभर काय केलं? या प्रश्नाला ठोस उत्तर तयार असलं, तर मागच्या वर्षीचा असणं फार आड येत नाही. उत्तर नसेल तर गुण कितीही असोत, समोरच्याच्या मनात शंका राहते. म्हणून या लेखातला सगळा सल्ला एकाच गोष्टीभोवती आहे : हे वर्ष वाट बघण्यात घालवू नका.

परिस्थिती आहे तशी

1983 मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि तालुक्या-तालुक्यात इंजिनिअर होऊ लागले. त्यामुळे शेतकऱ्याचा, गिरणी कामगाराचा मुलगा इंजिनिअर झाला, ही मोठी गोष्ट झाली. पण मोठ्या कंपन्या कॅम्पससाठी सगळ्या महाविद्यालयांत जात नाहीत. त्या मोजक्या ठिकाणी जातात. म्हणजे कॅम्पसमध्ये निवड न होणं हा बहुतांश मुलांचा अनुभव आहे, तो तुमच्या लायकीचा निकाल नाही.

दुसरीकडे, आयटीतला नव्या मुलांचा पगार दहा वर्षांहून अधिक काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास अडकून आहे आणि कोड लिहून देणारी एआयची साधनं आल्यावर सुरुवातीची सोपी कामं कमी होत चालली आहेत. ऑफर लेटर हातात असूनही जॉइनिंगची तारीख महिनोन् महिने न मिळालेली मुलं आपण सगळ्यांनी पाहिली. अशा काळात 'आयटीत कुठेतरी लागेल' एवढ्या भरवशावर राहणं धोक्याचं आहे. पण दारं पुष्कळ आहेत, फक्त ती कॉलेजच्या नोटीस बोर्डावर दिसत नाहीत.

मेकॅनिकल आणि प्रॉडक्शन : मोठ्या पाटीमागचे लहान कारखाने

चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा, बजाज यांच्या पाट्या दिसतात आणि मुलं तिथेच अर्ज करतात. पण एक गाडी तयार होताना तिचे हजारो भाग आजूबाजूच्या पुरवठादारांकडे बनतात : कुणी फोर्जिंग करतो, कुणी मशीनिंग, कुणी रबरचे भाग, कुणी वायरिंग. भोसरी, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, शेंद्रा, सातपूर, अंबड, बुटीबोरी इथल्या वसाहतींत असे कारखाने दाटीवाटीनं आहेत. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल भागात फाउंड्री आहेत. त्यांपैकी अनेकांकडे एचआर विभागच नसतो. मालक किंवा प्लांट हेड स्वतः बायोडाटा बघतो.

अशा ठिकाणी पगार कमी असतो, हे खरं. पण मोठ्या कंपनीत एका मशीनपाशी अडकलेल्या ट्रेनीपेक्षा इथला मुलगा वर्षभरात बरंच जास्त शिकतो : पहिला नग तपासणं, रिजेक्शन का आलं ते शोधणं, ग्राहकाच्या तक्रारीवर एट-डी रिपोर्ट देणं, नव्या पार्टच्या मंजुरीचं पीपीएपी तयार करणं, वाहन उद्योगाच्या आयएटीएफ 16949 या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटला सामोरं जाणं. दोन वर्षांनंतर मोठ्या कंपनीला नेमका असाच माणूस हवा असतो.

एक प्रसंग सांगतो. मुलाखतीत मी टेबलावर एक शाफ्ट आणि मायक्रोमीटर ठेवत असे. एक मुलगा उत्तम गुणांचा होता. त्यानं मायक्रोमीटर उचलला, शाफ्टवर लावला आणि थिंबल जोर देऊन आवळला. रीडिंग अर्थातच चुकलं. त्याच्यानंतर आला तो साध्या सेकंड क्लासचा. त्यानं आधी खिशातल्या रुमालानं दोन्ही फेस पुसले, मायक्रोमीटर बंद करून झिरो एरर बघितला, मग शाफ्टचं माप रॅचेट फिरवत तीन ठिकाणी घेतलं आणि म्हणाला, "सर, एका टोकाला दोन शतांशांनी जास्त आहे, टेपर आहे." मामांच्या लेथच्या दुकानात सुट्टीत बसायचो, असं त्यानं नंतर सांगितलं. आम्ही त्याला घेतलं. ही हातोटी कोर्सचं सर्टिफिकेट देत नाही. ती हाताला वळण लागल्यावरच येते. तुमच्या गावात लेथ, वेल्डिंग, पंप दुरुस्तीचं दुकान असेल तर नोकरी मिळेपर्यंत तिथे महिनाभर काम करण्यात काही कमीपणा नाही.

सिव्हिल : साइटवर उभं राहा

सिव्हिलच्या मुलांना काम तुलनेनं लवकर मिळतं, पण ते उन्हातलं, धुळीतलं आणि बरेचदा गावापासून दूरचं असतं. मेट्रो, महामार्ग, पाणीपुरवठा योजना, गृहप्रकल्प या सगळ्या ठिकाणी ज्युनिअर साइट इंजिनिअर लागतो. पहिल्या वर्षात चार गोष्टी स्वतःच्या हातानं केल्या पाहिजेत : ड्रॉइंगवरून बार बेंडिंग शेड्यूल काढणं, ऑटो लेव्हल आणि टोटल स्टेशन लावणं, काँक्रीटची स्लंप टेस्ट घेऊन दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरणं आणि त्यांची सात व अठ्ठावीस दिवसांची नोंद ठेवणं, आणि चौथी म्हणजे केलेल्या कामाची मापं घेऊन बिल बनवणं. बिलिंग येणारा इंजिनिअर साइट संपली तरी कंत्राटदाराला सोडवत नाही.

स्वतःचं काम सुरू करायचं असेल तर आणखी एक वाट आहे. सार्वजनिक बांधकाम विभागात 'सुशिक्षित बेरोजगार अभियंता' म्हणून नोंदणी करता येते आणि ठराविक रकमेपर्यंतच्या कामांत अशा अभियंत्यांसाठी वाटा राखलेला असतो. मात्र बिलं वेळेवर निघत नाहीत आणि खेळतं भांडवल लागतं. म्हणून आधी दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काम करून मगच या वाटेला जावं, असं मी सांगतो.

इलेक्ट्रिकल, ई अँड टीसी : पॅनलच्या आत बघा

लहानात लहान कारखान्यातसुद्धा आता पीएलसी, व्हीएफडी, सेन्सर बसले आहेत. लाइन बंद पडली की मिनिटाचा हिशेब होतो. त्या वेळी लॅडर प्रोग्रॅम वाचून दोष शोधणारा माणूस मोलाचा ठरतो. पॅनल बनवणारे आणि ऑटोमेशन करणारे छोटे उद्योग पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. तिथे वायरिंगपासून सुरुवात करावी लागली तरी करा. सौरऊर्जेतही काम वाढलं आहे : 2024 मध्ये सुरू झालेली घरांच्या छपरांसाठीची पीएम सूर्यघर योजना आणि राज्यातली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना यांमुळे डिझाइन, उभारणी आणि देखभालीसाठी माणसं लागतात. एम्बेडेड किंवा व्हीएलएसआयकडे जायचं असेल तर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचे पदविका अभ्यासक्रम आहेत.

कॉम्प्युटर, आयटी : एक काम पूर्ण करा

या शाखेच्या बायोडाट्यात मला चार-चार प्रोजेक्ट दिसतात : चॅटबॉट, हवामान दाखवणारं ॲप, खरेदीची वेबसाइट. सगळे सारखे आणि बहुतेक अर्धवट. एक मुलगी मला आठवते. तिनं गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला होता. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट आणि एसएनएफ भरलं की दरपत्रकावरून रक्कम निघे आणि दहा दिवसांचं बिल तयार होई. तिला विचारलं, "मध्येच वीज गेली तर?" ती म्हणाली, "पहिल्या आठवड्यात तसंच झालं. बावीस जणांच्या नोंदी गेल्या, वहीवरून पुन्हा भरल्या. मग प्रत्येक नोंद लगेच डेटाबेसमध्ये जाईल असं केलं." या एका उत्तरात तिनं डेटाबेस, चाचणी, वापरणाऱ्याची अडचण आणि स्वतःची चूक दुरुस्त करणं हे सगळं दाखवलं.

एआय कोड लिहून देईल. पण तो कोड बरोबर आहे की नाही हे ओळखणं, दुसऱ्याचा लिहिलेला कोड वाचणं, एसक्यूएलची क्वेरी मंद का चालते ते शोधणं, या कामांना माणूस लागतो. ही साधनं जरूर वापरा, पण मुलाखतीत आपल्या प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ का लिहिली ते सांगता आलंच पाहिजे. सी-डॅकचा डॅक हा साधारण सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम प्रवेशपरीक्षा घेऊन देतात आणि तिथे प्लेसमेंटची व्यवस्था असते. घसघशीत फी घेऊन 'शंभर टक्के नोकरी'ची हमी देणाऱ्या क्लासपेक्षा अशा ठिकाणाचा विचार आधी करा.

अप्रेंटिसशिप : दुर्लक्षित दार

शिकाऊ उमेदवारी म्हटलं की आपल्याला आयटीआय आठवतं. पण 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात 1973 मध्ये दुरुस्ती झाली आणि अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारकही त्यात आले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करून एक वर्षाचं प्रशिक्षण घेता येतं. पश्चिम विभागाचं काम मुंबईच्या बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगमार्फत चालतं. तीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यामुळे सरकारी उपक्रमांपासून खासगी कारखान्यांपर्यंत जागा निघत राहतात.

स्टायपेंड पगारापेक्षा कमी असतो आणि वर्ष संपल्यावर कंपनी कायम करेलच असं नाही. तरी प्रत्यक्ष कामाचं एक वर्ष आणि केंद्र सरकारचं प्रमाणपत्र हाती येतं. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की वर्षभर नोकरीचा अनुभव झालेल्याला ही योजना मिळत नाही. म्हणजे नोकरीचं एक वर्ष झालं की हे दार बंद होतं. राज्य सरकारनं 2024 मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. सध्या तुमच्या जिल्ह्यात जागा आहेत का, हे जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात विचारा.

स्पर्धा परीक्षा : मुदत आधी ठरवा

गेट ही तीन तासांची, शंभर गुणांची परीक्षा फेब्रुवारीत होते आणि तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यावर एमटेकला प्रवेश आणि महिना 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते, शिवाय काही केंद्रीय सार्वजनिक कंपन्या त्याच आधारे भरती करतात. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षात किंवा पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात गेट द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच अभ्यासात दोन-तीन दारं उघडतात. भाभा अणुसंशोधन केंद्र, इस्रो यांच्या भरती वेगळ्या निघतात, त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

राज्यात एमपीएससीची स्थापत्य, विद्युत, यांत्रिकी अभियांत्रिकी सेवा आहे. जलसंपदा, बांधकाम, जिल्हा परिषद इथली कनिष्ठ अभियंत्याची भरती, महावितरण-महापारेषण-महानिर्मिती, रेल्वे या जागाही आहेत. पण जाहिरात कधी येईल, निकाल कधी लागेल, नियुक्ती कधी होईल, याचा नेम नसतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाच-सहा वर्षं काढून तिशीला आलेली आणि एकही दिवस साइटवर न गेलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांना बघून जीव तुटतो. म्हणून सुरू करण्याआधीच कागदावर लिहा : किती प्रयत्न, कोणत्या तारखेपर्यंत. घरच्यांनाही ती तारीख सांगा. नोकरी करत रोज तीन तास अभ्यास करणं अवघड आहे, पण त्या वाटेनं पास झालेलेही पुष्कळ आहेत.

बायोडाटा आणि अर्ज

बायोडाटा एका पानाचा असू द्या. 'मेहनती, जिद्दी, संघभावना असलेला' ही विशेषणं काढून टाका आणि केलेलं काम लिहा : कोणत्या मशीनवर, कोणतं सॉफ्टवेअर वापरून, काय बनवलं, काय चुकलं, काय सुधारलं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घेतलेला असेल तर तो बायोडाट्यात घालू नका. दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. त्याऐवजी आता दीड-दोन महिने देऊन स्वतः एखादी छोटी गोष्ट करा.

नोकरीच्या संकेतस्थळांवर शेकडो अर्ज टाकून गप्प बसू नका. मागच्या तीन-चार बॅचच्या सीनिअरना शोधा. "सर, कुठे जागा असेल तर सांगा" असा मेसेज पाठवून उत्तर येत नाही. "तुम्ही ज्या विभागात आहात तिथे नव्या मुलाला पहिल्या महिन्यात काय काम देतात?" असं विचारा. माणूस सांगतो, कारण त्याला तिथे सांगण्यासारखं काही असतं. ओळख अशीच वाढते आणि छोट्या कारखान्यातली जागा जाहिरातीआधी ओळखीतूनच कळते.

इंग्रजीची भीती बाळगू नका. प्लांटमध्ये मराठी-हिंदी चालतं, पण रिपोर्ट आणि मेल इंग्रजीत असतात. रोज एक पान आपल्या कामाबद्दल साध्या इंग्रजीत लिहा, तीन महिन्यांत फरक दिसेल. आवड असेल तर जर्मन किंवा जपानी शिका. पुण्यात दोन्ही भाषा शिकवण्याची जुनी परंपरा आहे आणि तिथल्या वाहन उद्योगात या देशांच्या कंपन्या आहेत.

ऑफर लेटर वाचताना

'पॅकेज तीन लाख साठ हजार' म्हणजे महिना तीस हजार हातात, असं समजू नका. समजा मूळ पगार पंधरा हजार आहे. कंपनीचा पीएफचा वाटा 1,800 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 720 रुपये पॅकेजमध्येच धरलेली असते. उरले साधारण 27,480. त्यातून तुमचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात येतात साडेपंचवीस हजारांच्या आत-बाहेर. त्यातच 'व्हेरिएबल' धरलेलं असेल तर आणखी कमी. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, डबा लावून भागेल का, हा हिशेब होकार देण्याआधी करा.

पगारपत्रक कुणाचं हे विचारा : कंपनीचं की कंत्राटदाराचं? बाँड असेल तर किती महिन्यांचा, सोडल्यास रक्कम किती, प्रशिक्षण खरोखर देणार का, हे लेखी घ्या. न्यायालयं बाँड सरसकट रद्द करत नाहीत, त्यामुळे 'सही करू, पुढचं पुढे बघू' म्हणू नका. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नका.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो : नोकरीसाठी पैसे देऊ नका. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉप डिपॉझिट, ट्रेनिंग चार्ज, नाव काहीही असो. चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. अनुभवाचं खोटं सर्टिफिकेटही विकत घेऊ नका. पीएफच्या यूएएन क्रमांकावर तुम्ही कुठे, किती महिने काम केलं ते दिसतं. पडताळणीत खोटं सापडलं की लागलेली नोकरी जातेच, वर नाव खराब होतं.

बारा महिन्यांचा आराखडा

पहिले दोन महिने : बायोडाटा, शिकाऊ उमेदवारीची नोंदणी, पन्नास कारखान्यांची किंवा कंपन्यांची स्वतः बनवलेली यादी आणि आठवड्याला दहा अर्ज, त्यांतले निदान तीन प्रत्यक्ष जाऊन किंवा ओळखीतून. तिसरा ते पाचवा : एक कौशल्य आणि एक पूर्ण काम, अर्ज चालूच. सहाव्या महिन्यापर्यंत काही जमलं नाही, तर कमी पगाराचं पण शिकायला मिळेल असं काम घ्या आणि पुढचे सहा महिने ते मनापासून करा. कोणत्या तारखेला कुठे अर्ज केला, मुलाखतीत काय विचारलं, काय आलं नाही, हे एका वहीत लिहीत जा. 'काय आलं नाही' ही यादी हाच तुमचा अभ्यासक्रम.

आईवडिलांनाही एक विनंती. शेजारच्याच्या पॅकेजची तुलना घरात काढू नका. पंधरा हजारांवर भोसरीत शिफ्टमध्ये उभा राहिलेला मुलगा अपयशी नाही, तो शिकतोय. त्याला दोन वर्षं द्या.

आणि तुम्ही, ज्यांचा निकाल नुकताच लागला आहे : उद्या सकाळी वही काढा, वर निकालाची तारीख लिहा, तिच्यापुढे बरोबर एक वर्षानंतरची तारीख लिहा. या दोन तारखांच्या मध्ये जे भराल, तेच मुलाखतीत तुमच्या वतीनं बोलेल.